क्रेट, जाळी की मोकळे घर: नवा कुत्रा आणल्यानंतरचे पहिले वर्ष

घरात पहिल्यांदा कुत्रा आणणाऱ्याला न मागता मिळणाऱ्या सल्ल्यांमध्ये दोन सल्ले हमखास असतात. क्रेट, म्हणजे कुत्र्याला आत ठेवण्याचा दार असलेला पिंजरा, ही त्याची हक्काची गुहा आहे, तीत तो सुखाने पडून राहतो, असे काही जण सांगतात. तर ज्याला पिंजऱ्यातच ठेवायचे त्याला घरी आणावे कशाला, असे काही जण विचारतात. नवखा माणूस या दोहोंच्या मध्ये अडकतो आणि बहुधा सोयीचा वाटेल तो सल्ला उचलतो. या लेखातील भूमिका सुरुवातीलाच सांगून टाकतो. क्रेटमध्ये शांत बसण्याचे शिक्षण प्रत्येक कुत्र्याला द्यावे, परंतु दिवसाचा मोठा भाग बंद क्रेटमध्ये काढण्याची वेळ कोणत्याही निरोगी कुत्र्यावर येऊ देऊ नये. या दोन टोकांमधला प्रवास कसा करायचा, हे पुढे क्रमाने दिले आहे. येथे विचार फक्त घरातल्या मोकळीकीचा आहे. कुत्र्याला रस्त्यावर एकटे सोडणे हा पर्यायच नसल्यामुळे त्याची चर्चा केलेली नाही.

गुहेच्या युक्तिवादात किती तथ्य आहे, हे आधी पाहू. लांडग्याची मादी विण्यासाठी आणि लहान पिल्ले सांभाळण्यासाठी बीळ किंवा गुहा वापरते. पिल्ले साधारण दोन-अडीच महिन्यांची झाली की कळप ती जागा सोडतो आणि प्रौढ लांडगे उघड्यावरच झोपतात. म्हणजे बंद जागेची जन्मजात ओढ कुत्र्याला असते, असे म्हणायला फारसा आधार नाही. टेबलाखाली किंवा भिंतीला पाठ लावून झोपणे अनेक कुत्र्यांना आवडते हे खरे, परंतु तेथून हवे तेव्हा उठून जाता येते, हा त्या आवडीचाच भाग असतो. दार बंद झाल्यावरही निश्चिंत राहणे ही शिकवावी लागणारी गोष्ट आहे. अमेरिकेत क्रेट हे घरोघरी दिसणारे साधन आहे, तर स्वीडन आणि फिनलंड या देशांत घरात कुत्र्याला पिंजऱ्यात कोंडून ठेवण्यावर कायद्याने कडक मर्यादा आहेत. कुत्रे दोन्हीकडे सारखेच असतात. तेव्हा क्रेटवाचून कुत्रा वाढवता येत नाही, हा दावा टिकत नाही. मात्र क्रेट नसेल तर त्याची जागा माणसाच्या लक्षाने, वेळेने किंवा जाळीच्या दाराने भरून काढावी लागते, हेही तितकेच खरे.

आधी तासांचा हिशेब

क्रेट विकत घेण्यापूर्वी कागद घेऊन घरातल्या आठवड्याचा हिशेब मांडावा. घरात कोणीच नाही असे तास कोणते, कोणी आहे पण कामात गुंतलेले आहे असे तास कोणते, आणि कुत्र्याकडे खरोखर लक्ष देता येईल असे तास कोणते, हे वेगवेगळे लिहावे. माझ्या मते हा सर्वांत महत्त्वाचा टप्पा आहे आणि बहुतेक जण नेमका हाच वगळतात.

पिल्लू लघवी किती वेळ धरू शकते, याचा एक ढोबळ ठोकताळा असा आहे, की त्याचे वय जितके महिने, त्यात एक मिळवावा आणि तितके तास ही कमाल मर्यादा धरावी. तीन महिन्यांचे पिल्लू दिवसा फार तर चार तास धरू शकेल. पण ही शरीराची ताणलेली मर्यादा आहे, रोजचे वेळापत्रक तिच्या बरेच आत असावे. जागे झाल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर तर त्याला लगेच बाहेर न्यावेच लागते. रात्री शरीर शांत असल्यामुळे पिल्ले दिवसापेक्षा अधिक वेळ धरतात, म्हणून रात्रीच्या अनुभवावरून दिवसाचा अंदाज बांधू नये. प्रौढ कुत्र्यालाही दिवसा सलग चार तासांहून अधिक वेळ बंद क्रेटमध्ये ठेवू नये, असा नियम घरात ठरवून टाकलेला बरा.

आता एका सामान्य नोकरदार घराची बेरीज करू. नऊ तास घर रिकामे आणि आठ तास रात्र. दोन्ही वेळा कुत्रा क्रेटमध्ये असेल, तर चोवीसपैकी सतरा तास तो जेमतेम वळता येईल एवढ्या जागेत काढतो. असे वेळापत्रक कितीही प्रेमाने राबवले तरी ते कुत्र्याच्या स्नायूंना, सांध्यांना आणि स्वभावाला बाधक ठरते. त्याच घरात तीन महिन्यांचे पिल्लू नऊ तास मोकळे सोडले तर तेही तितकेच चुकीचे होईल. अशा घराचे उत्तर क्रेटमध्येही नाही आणि मोकळीकीतही नाही. दुपारी कोणीतरी येऊन कुत्र्याला बाहेर नेण्याची व्यवस्था करावी, घरातल्यांनी वेळा वाटून घ्याव्यात, आणि यांपैकी काहीच जमणार नसेल तर पिल्लू आणण्याचा बेत पुढे ढकलावा.

क्रेट निवडणे आणि मांडणे

क्रेटमध्ये कुत्र्याला डोके न टेकता उभे राहता आले पाहिजे, सहज वळता आले पाहिजे आणि पाय पसरून कुशीवर झोपता आले पाहिजे. वाढत्या पिल्लासाठी प्रौढ वयाच्या मापाची क्रेट घेऊन आतल्या सरकत्या जाळीने जागा तात्पुरती कमी करता येते. अशी जागा कमी करण्याचे कारण असे, की कुत्रे शक्यतो झोपण्याची जागा घाण करत नाहीत. क्रेट फार प्रशस्त असेल तर पिल्लू एका कोपऱ्यात लघवी करून दुसऱ्या कोपऱ्यात झोपते आणि बाहेर जाण्याची सवय लागायला उशीर होतो. तारेच्या जाळीच्या क्रेटमध्ये हवा चांगली खेळते, प्लॅस्टिकची क्रेट प्रवासाला उपयोगी पडते, आणि कापडी क्रेट फक्त आधीच शिकलेल्या कुत्र्यासाठी योग्य असते, कारण चघळणारे पिल्लू ती सहज फाडते.

सुरक्षिततेच्या दोन गोष्टींबाबत मात्र कोणतीही सवलत घेऊ नये. क्रेटमध्ये जाताना कुत्र्याचा गळ्यातला पट्टा आणि हार्नेस, म्हणजे छातीभोवतीचा पट्टा, काढलाच पाहिजे. पट्ट्याची कडी तारेत अडकून गळफास बसू शकतो. दुसरी गोष्ट उष्णतेची आहे. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तो मुख्यतः धापा टाकून शरीर थंड करतो, आणि त्यासाठी भोवतालची हवा खेळती व थंड असावी लागते. ऊन सरकत क्रेटवर येईल अशी जागा, बंद खोली, किंवा चारही बाजूंनी जाड चादर टाकलेली क्रेट यांमुळे उष्माघात होऊ शकतो. पग, बुलडॉग यांसारख्या चपट्या नाकाच्या जातींना हा धोका विशेष असतो. चादर टाकायचीच असेल तर एक-दोन बाजूच झाकाव्यात. पाण्याचे भांडे जाळीला अडकवून ठेवावे.

क्रेट माणसांच्या वावरापासून दूर, अडगळीत ठेवू नये. दिवसा घरातले लोक बसतात त्या खोलीच्या कडेला आणि रात्री झोपण्याच्या खोलीत, अशी जागा नव्या पिल्लाला मानवते. आई आणि भावंडांच्या उबेतून नुकतेच वेगळे झालेले पिल्लू पहिल्या रात्री एकट्याने वेगळ्या खोलीत झोपावे, ही अपेक्षाच अवास्तव आहे.

क्रेटची ओळख: घाई न करता

पहिल्या पायरीवर दार उघडे ठेवून ते हलणार नाही असे बांधून टाकावे, म्हणजे अचानक आपटून पिल्लू दचकणार नाही. आत मऊ अंथरूण घालावे आणि खाऊचे तुकडे आधी दाराशी, मग उंबऱ्यावर, मग आत टाकत जावे. पिल्लाला आत ढकलायचे नाही, उचलून ठेवायचे नाही आणि ते आत गेले म्हणून झटकन दारही लावायचे नाही. पुष्कळ जण येथेच उतावीळ होतात. एकदा फसवून दार लावले, की त्या क्रेटकडे पिल्लू संशयानेच पाहू लागते आणि पुढचे काम दुपटीने वाढते.

पिल्लू स्वतःहून आत जाऊ लागले, की त्याचे रोजचे जेवण क्रेटमध्ये द्यावे. भांडे आधी दाराजवळ ठेवून हळूहळू मागे सरकवावे. जेवणात गुंतलेले असताना दार लावावे आणि जेवण संपण्यापूर्वीच उघडावे. पुढच्या काही दिवसांत जेवणानंतर अर्धा मिनिट, एक मिनिट, दोन मिनिटे असे दार बंद ठेवण्याची वेळ वाढवत न्यावी. ही वाढ सरळ रेषेत ठेवू नये, मधूनमधून अगदी छोटा फेरा घ्यावा. प्रत्येक वेळी आधीपेक्षा कठीणच होत जाते असे पिल्लाच्या लक्षात आले, तर ते क्रेट टाळू लागते.

त्यानंतरचा टप्पा माणसाने दूर जाण्याचा आहे. चघळायला काहीतरी देऊन दार लावावे, शेजारी बसावे, मग उठून खोलीतच फिरावे, मग काही क्षण खोलीबाहेर जाऊन परत यावे. घरात असताना अर्धा तास पिल्लू शांत राहिले, डोळे मिटून झोपले, तरच घराबाहेर पडण्याचा प्रयोग करावा, आणि तोही पाच-दहा मिनिटांचा. निघताना आणि परतल्यावर मोठा समारंभ करू नये. निरोपाचा लाड जितका लांबतो तितके जाणे पिल्लाला मोठे वाटू लागते. काही पिल्ले हा सारा क्रम आठवडाभरात पार करतात, काहींना दीड-दोन महिने लागतात. शेजाऱ्याच्या कुत्र्याशी तुलना करून उपयोग नाही.

क्रेटमध्ये जाण्याआधी पिल्लाची लघवी-शी झालेली असावी आणि थोडे खेळून, हुंगून, फिरून ते दमलेले असावे. लहान पिल्ले दिवसातले अठरा ते वीस तास झोपतात. म्हणून झोपेची वेळ आणि क्रेटची वेळ यांची सांगड घातली, की निम्मे काम आपोआप होते. उलट, ताजेतवाने आणि खेळाच्या उत्साहात असलेले पिल्लू बंद करणे म्हणजे भांडण ओढवून घेणे आहे. आणि क्रेट शिक्षा म्हणून कधीही वापरू नये. रागाने ओरडत ज्या जागी ढकलले, तीच जागा रात्री विश्रांतीची वाटावी, ही अपेक्षा कोणत्या तर्काने धरायची?

रडण्याचे काय करायचे

‘रडू द्या, आपोआप गप्प होईल’ हा सल्ला फार प्रचलित आहे आणि माझा त्याला विरोध आहे. पिल्लू गप्प झाले म्हणजे शांत झालेच असे नाही. कित्येकदा ते थकून किंवा आशा सोडून गप्प झालेले असते. रडण्याचे कारण आधी पाहावे. रात्री गाढ झोपेतून उठून पिल्लू कुरकुरू लागले, तर लघवीची गरज धरून चालावे. दिवे न लावता, न बोलता, न खेळता त्याला बाहेर न्यावे आणि परत आणून झोपवावे. नुकतेच जाऊन आलेले, खाल्लेले, दमलेले पिल्लू एखाद-दुसरे मिनिट कुरकुरले तर थोडे थांबून पाहायला हरकत नाही, क्रेटवर हलका हात ठेवलेलाही चालतो. परंतु रडणे वाढत जाऊन किंकाळ्या, लाळ गळणे, जाळी चावणे असे होत असेल, तर आपण पायऱ्या गाळल्या आहेत असे समजून दार उघडावे आणि दोन टप्पे मागे जावे. रडण्याला प्रतिसाद दिला की वाईट सवय लागते, ही भीती घाबरलेल्या पिल्लाच्या बाबतीत गैरलागू आहे.

क्रेट कोणाला मानवत नाही

काही कुत्र्यांसाठी बंद क्रेट हा पर्याय नसतो, आणि हे ओळखणे नव्या माणसाला कठीण जाते, कारण त्याला वाटते, की सराव वाढवला म्हणजे जमेल. एकटे राहण्याची तीव्र भीती, जिला विरह-चिंता म्हणतात, ती असलेला कुत्रा क्रेटमध्ये अधिकच घाबरतो. दार उघडण्याच्या धडपडीत तो दात मोडून घेतो, नखे उपटून घेतो, तारेत जबडा अडकवून घेतो. आपण गेल्यावर पहिल्या काही मिनिटांतच सुरू होणारा अखंड आवाज, ओले झालेले अंथरूण, छातीवर वाळलेली लाळ, दाराच्या बाजूलाच केंद्रित झालेले ओरखडे ही त्याची लक्षणे आहेत. एक साधा कॅमेरा लावून आपल्या मागे काय घडते ते पाहावे. जुना मोबाइलही त्यासाठी पुरतो. अशी लक्षणे दिसली, तर मजबूत क्रेट आणण्याऐवजी पशुवैद्याकडे जावे आणि वर्तनतज्ज्ञाची मदत घ्यावी, कारण येथे अडचण मूळ भीतीची आहे आणि तिच्यावर उपचार करता येतात.

पूर्वी दीर्घकाळ कोंडून ठेवलेला प्रौढ कुत्रा दत्तक घेतला असेल, तर त्याच्याकडेही याच सावधगिरीने पाहावे. काही अशा कुत्र्यांना उघड्या दाराची क्रेट आसरा वाटते, काही तिच्याकडे पाहूनच थरथरतात. निर्णय त्या कुत्र्याच्या शरीरभाषेवर सोडावा.

मधला मार्ग: जाळी आणि एक खोली

क्रेट आणि मोकळे घर यांच्यामध्ये एक मोठी जागा आहे आणि नव्या घरांनी खरे तर तिचाच सर्वाधिक वापर करायला हवा. एखाद्या छोट्या खोलीच्या दाराला लहान मुलांसाठी असते तशी आडवी जाळी लावावी किंवा घडीच्या जाळीने कोपरा वेढून घ्यावा. त्यात अंथरूण, पाणी, चघळण्याच्या वस्तू आणि क्रेट असेल तर तिचे दार उघडे, एवढे पुरते. तेथे कुत्रा उठू शकतो, चार पावले टाकू शकतो, जागा बदलू शकतो आणि तरीही घरातल्या वायरींपासून दूर राहतो. दुपारचे तीन-चार तास एकटे राहायचे असेल, तर बंद क्रेटपेक्षा ही व्यवस्था मला नेहमीच उजवी वाटते. कुत्रा जाळीवरून उडी मारतो किंवा चढतो का, हे मात्र आपण घरात असतानाच पाहून घ्यावे. साखळीने बांधून एकटे ठेवणे हा या व्यवस्थेचा स्वस्त पर्याय नाही. गुंता पडून इजा होण्याचा धोका त्यात मोठा आहे.

खोली तयार करताना स्वतः खाली बसून कुत्र्याच्या उंचीवरून पाहावे. लटकत्या वायरी, मोजे, सुई-दोरा, बटणासारख्या छोट्या बॅटऱ्या, उंदीर मारण्याचे औषध, माणसांच्या गोळ्या आणि उघडी कचरापेटी या वस्तू प्रथम हलवाव्यात. चॉकलेट, द्राक्षे व मनुका, कांदा-लसूण, आणि साखरमुक्त च्युइंगमसारख्या पदार्थांत वापरले जाणारे झायलिटॉल हे कुत्र्यांसाठी विषारी आहेत. ते कपाटात वर आणि दार बंद करून ठेवावेत, कारण टेबलाची उंची वाढत्या कुत्र्याला लवकरच अपुरी पडते. पिल्लाचे अठ्ठावीस दुधाचे दात साधारण चौथ्या महिन्यापासून पडू लागतात आणि सहा-सात महिन्यांपर्यंत बेचाळीस कायमचे दात येतात. या काळात ते चघळणारच. त्याला चघळायला योग्य वस्तू मिळाली नाही, तर तो खुर्चीचा पाय निवडेल आणि त्यात त्याचा दोष नसेल.

मोकळीक वाढवण्याचा क्रम

मोकळीक वयावरून न देता वर्तनावरून द्यावी. सलग काही आठवडे घरात लघवी झालेली नाही, आपल्या उपस्थितीत वस्तू चावली जात नाही, आणि एकटे असताना कॅमेऱ्यात कुत्रा बहुतेक वेळ झोपलेला दिसतो, या तीन गोष्टी जमल्या की जाळी काढून एक खोली खुली करावी. आधी पंधरा मिनिटे, मग अर्धा तास, मग तासभर घराबाहेर जाऊन यावे. सर्व ठीक राहिले तर दुसरी खोली जोडावी. एखाद्या दिवशी उशी फाटली, तर परत येऊन ओरडू नये, कारण काही वेळापूर्वीच्या कृतीशी तो त्या ओरडण्याचा संबंध जोडू शकत नाही. फक्त एक टप्पा मागे जावे.

साधारण सहा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान कुत्र्याचे पौगंडावस्थेचे वय असते. आतापर्यंत शहाणा वाटणारा कुत्रा याच काळात अचानक सोफा उकरू लागतो, आणि ‘आता मोठा झाला’ म्हणून पाचव्या-सहाव्या महिन्यात संपूर्ण घर खुले करून देणारी घरे येथे गोत्यात येतात. शक्तीचा निचरा पुरेसा होतो का, हेही अशा वेळी तपासावे. ज्याला दिवसातून एकदा घाईघाईने फिरवले जाते, तो कुत्रा मोकळ्या घरात स्वतःसाठी काम शोधतोच. हुंगत रमतगमत घातलेली एक लांब फेरी आणि खाऊ शोधायला लावणारे एखादे खेळणे यांनी पुष्कळ फरक पडतो.

घरात दोन कुत्रे असतील तर प्रत्येकाची क्रेट वेगळी असावी, आणि त्यांची नीट ओळख होईपर्यंत त्यांना एकटे एकत्र सोडू नये. लहान मुलांना एकच नियम सांगावा आणि तो मोठ्यांनीही पाळावा: कुत्रा क्रेटमध्ये असताना त्याला हात लावायचा नाही, बोलवायचे नाही, आत शिरायचे नाही.

बहुतेक कुत्रे दीड-दोन वर्षांचे होईपर्यंत घरात सुरक्षितपणे मोकळे राहू लागतात. तेव्हा क्रेट विकून टाकण्याचा मोह होतो, पण जागा असेल तर ती दार उघडे ठेवून तशीच राहू द्यावी आणि आठवड्यातून एक-दोनदा जेवण किंवा चघळण्याची वस्तू आत देऊन दहा मिनिटे दार लावण्याचा सराव चालू ठेवावा. हाडाच्या शस्त्रक्रियेनंतर पशुवैद्य कित्येकदा काही आठवडे सक्तीची विश्रांती सांगतात, दवाखान्यात रात्र काढावी लागते, किंवा लांबच्या प्रवासाला निघावे लागते. दुखणे आणि कोंडले जाणे या दोन्ही गोष्टी कुत्र्याला एकाच दिवशी नव्याने सोसाव्या लागू नयेत, यासाठी हा सराव असतो. म्हातारपणी मात्र हिशेब पुन्हा मांडावा. सांधे आखडलेल्या, वारंवार लघवी लागणाऱ्या किंवा रात्री गोंधळून फेऱ्या मारणाऱ्या वृद्ध कुत्र्याला बंद क्रेट त्रासदायक होते. त्याच्यासाठी क्रेटचे दार कायमचे काढून टाकावे, निसरड्या फरशीवर चटया अंथराव्यात, जिन्याच्या तोंडाशी जाळी लावावी आणि त्याला रात्रीतून एकदा बाहेर नेण्याची तयारी ठेवावी.